वेसाव्याचा जवळा आणि अंटार्क्टिकाचा क्रिल

महाराष्ट्र सरकारने 2 नोव्हेंबर 2023 रोजी 54 जातींच्या समुद्री मासळीसाठी किमान कायदेशीर आकार ठरवून दिला. रुपेरी पापलेट 135 मिलिमीटरपेक्षा आखूड असेल किंवा बोंबील 180 मिलिमीटरपेक्षा, तर तो धरायचा नाही. दोनच महिने आधी, सप्टेंबरात, याच पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला होता. केरळने अशी मर्यादा 2015 मध्ये 14 जातींपासून घालायला सुरुवात केली. आपण आठ वर्षांनी तिथे पोचलो. उशीर झाला, पण आदेश चांगला आहे. एकदाही अंडी न घालता मासा पाटीत आला तर पुढल्या वर्षी जाळ्यात काय येणार, इतका साधा हिशेब त्यामागे आहे.

मात्र या आदेशाची नजर आहे ती पुढे मोठ्या होणाऱ्या माशांच्या पिल्लांवर. जे जन्मभर लहानच राहतात आणि मोठ्यांचं पोट भरतात, त्यांचं काय? मुंबईच्या समुद्रात हा प्रश्न विचारायचा तर पहिलं नाव जवळ्याचं घ्यावं लागतं.

जवळा हा खरं तर मासा नव्हेच. कोळंबीच्या दूरच्या गोतावळ्यातला हा जीव. शास्त्रज्ञांच्या वहीत त्याचं नाव ॲसेटस इंडिकस. वाढून वाढून इंच-दीड इंच. अंगात पोहण्याचा जोर बेताचाच, त्यामुळे भरती-ओहोटीचं पाणी नेईल तिकडे त्याचे थवेच्या थवे वाहत जातात. खाड्यांच्या तोंडाशी, गढूळ उथळ पाण्यात तो दाट असतो, आणि पालघरपासून रायगडपर्यंतचा समुद्र नेमका तसाच आहे. पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव आणि गाळातला सेंद्रिय कचरा खाऊन तो जगतो. त्याला खाऊन बोंबील, मांदेली, वाकटी, ढोमा जगतात, आणि यांच्यातल्या कित्येकांना खाऊन घोळ, दाढा अशी मोठी मासळी जगते. बोंबील तर इतका खादाड, की जवळ्याबरोबर स्वतःच्या जातीची पिल्लंही गिळतो. या साखळीत वर चढताना दर पायरीला साधारण नऊ हिस्से शक्ती खर्ची पडते आणि एक हिस्सा पुढे पोचतो. म्हणजे एक किलो बोंबलामागे जवळ्यासारखं दहाएक किलो खाद्य, आणि त्या बोंबलांवर पोसलेल्या एक किलो घोळीमागे शंभराच्या घरात. हा आकडा ढोबळ आहे, जातीनुसार आणि पाण्यानुसार बदलतो. पण घोळीच्या भावाची चौकशी करणाऱ्याने जवळ्याची चौकशी का करावी, हे त्यातून कळतं.

जवळा धरतात डोल जाळ्याने. अंधेरीच्या पश्चिम टोकाला वेसावे, खाडी ओलांडली की मढ, पुढे मनोरी, बोरिवलीच्या समोरचं गोराई, ही सगळी डोलकरांची गावं. डोल हे नरसाळ्यासारखं निमुळतं, लांबलचक पिशवीचं जाळं. ते कुणामागे धावत नाही. समुद्रात खुंटांना किंवा नांगरांना बांधून ते प्रवाहासमोर उघडं धरायचं आणि पाणी जे आणेल ते आत घ्यायचं. उधाणाच्या दिवसांत पाण्याला ओढ असते, डोल भरते. भांगाच्या दिवसांत पाणी मंदावतं, तेव्हा जाळी दुरुस्त होतात. जाळ्याचे आस, म्हणजे विणीतली भोकं, तोंडाशी मोठे आणि शेपटाकडे, म्हणजे खोल्याकडे, बारीक बारीक होत जातात. जवळा अडवायचा तर खोल्याचे आस अगदी लहान ठेवावेच लागतात. खाड्यांमध्ये लावायची बोक्षी ही डोलीचीच धाकटी बहीण.

इथे आकाराच्या नियमाची गाठ पडते. ट्रॉलरच्या जाळ्याला आस मोठे करा असं सांगता येतं. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने त्यासाठी चौकोनी आसांचा खोला विकसित केला आहे. नेहमीचे शंकरपाळी आकाराचे आस जाळं ओढलं की ताणून मिटतात आणि पिल्लांची वाट बंद होते. चौकोनी आस ओढीतही उघडे राहतात, पिल्लं निसटतात. उपाय स्वस्त आणि चोख आहे. पण डोलीला आस मोठे करा म्हणणं म्हणजे जवळा सोडून दे म्हणणं. आणि जवळ्याच्या बारीक आसांत जवळ्याबरोबर पापलेटची, बोंबलाची, ढोम्याची पिल्लंही अडकतात. उलट, खुद्द जवळ्याला आकाराची अट घालून तरी काय मिळणार? आज धरला नाही तर महिन्याभरात तो वितभर होणार नाही. त्याचं रक्षण करायचं तर किती मोठा धरला हे विचारून उपयोग नाही, किती धरला आणि समुद्रात किती उरला हे विचारावं लागतं. आपला कायदा हा प्रश्न जवळजवळ विचारतच नाही, माझी तक्रार एवढीच आहे.

कायदा म्हणजे महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, 1981. राज्यघटनेने मासेमारी राज्यांकडे दिली आणि प्रादेशिक जलक्षेत्रापलीकडची केंद्राकडे. म्हणून किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंत मंत्रालय आणि तिथून 200 मैलांपर्यंत दिल्ली. मासळीला ही रेघ दिसत नाही, हे वेगळं सांगायला नको. 1981 च्या कायद्याचा जन्म संघर्षातून झाला. ट्रॉलर आले, पारंपरिक कोळ्यांची जाळी फाटू लागली, किनारपट्टीवर भांडणं पेटली, तेव्हा केंद्राने एक नमुना विधेयक राज्यांना पाठवलं आणि राज्यांनी आपापले कायदे केले. त्यामुळे या कायद्याची सगळी भाषा कुणी कुठे जावं आणि कुठलं जाळं लावावं याची आहे. समुद्रात कोण कुणाला खातं, याची गंधवार्ता त्यात नाही. तरीही एक अधिकार त्यात आहे: ठरावीक क्षेत्रात, ठरावीक काळासाठी, ठरावीक जातीची मासळी धरायला सरकार मनाई करू शकतं. जवळ्यासाठी काही करायचं तर नवा कायदा लागणार नाही.

लहान जातीच्या माशांचं थोडंफार रक्षण आपल्याकडे झालं ते या भांडणांच्या ओघातच. तारली आणि बांगडा हे थव्याने फिरणारे मासे धरण्यासाठी पर्ससीन जाळं आलं. थव्याभोवती जाळ्याची भिंत उभी करायची आणि खालची दोरी ओढून बटव्यासारखं तोंड आवळायचं. अख्खा थवा आत. डॉ. व्ही. एस. सोमवंशी यांच्या समितीच्या अहवालानंतर राज्य सरकारने 5 फेब्रुवारी 2016 रोजी आदेश काढला. राज्याच्या जलक्षेत्रात पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने, आणि परवाने टप्प्याटप्प्याने कमी करत 182 पर्यंत आणायचे. नोव्हेंबर 2017 मध्ये केंद्राने एलईडी दिवे लावून आणि दोन बोटींमध्ये जाळं ओढून होणाऱ्या मासेमारीवर बंदी घातली. रात्री पाण्यावर प्रखर उजेड टाकला की लहान मासे त्याकडे झेपावतात, त्यांच्यामागे मोठे येतात, आणि पर्ससीन सगळ्यांना एकत्र उचलतं. 2021 मध्ये राज्याने जुना कायदा दुरुस्त केला. खटले तहसीलदारांकडून काढून मत्स्यव्यवसाय खात्याच्या सहायक आयुक्तांकडे दिले आणि एलईडीचा दंड 5 लाखांपासून 20 लाखांपर्यंत नेला. जानेवारी 2025 पासून किनाऱ्यावर ड्रोनही फिरू लागले. ड्रोनला पर्ससीनची बोट दिसते, रात्रीचा उजेड दिसतो. खोल्याचे आस किती मिलिमीटरचे आहेत, हे मात्र आकाशातून दिसत नाही. त्यासाठी धक्क्यावर मोजपट्टी घेऊन उभा राहणारा माणूस लागतो, आणि तशा माणसांची खात्यात वानवा आहे.

पावसाळी बंदीचाही इथे उल्लेख हवा. पश्चिम किनाऱ्यावर आता 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक नौका बंद असतात. पूर्वी महाराष्ट्रात ही बंदी 10 जूनपासून नारळी पौर्णिमा किंवा 15 ऑगस्ट, यांतलं जे आधी येईल तोवर असे. कित्येक कोळी बांधवांना जुनंच बरं वाटतं, आणि त्यात नुसता परंपरेचा हट्ट नाही. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात समुद्र पिल्लांनी भरलेला असतो.

थव्याने फिरणाऱ्या लहान मासळीचा एक धोका मोठ्या मासळीला नसतो, आणि तो समजून घेतल्याशिवाय या कायद्यांचं अपुरेपण कळत नाही. घोळ कमी झाली तर ती मिळायलाही कठीण होते. कोळी दिवसभर हिंडून रिकामा परततो आणि त्याला कळतं की काहीतरी बिघडलं. तारलीचं तसं नाही. समुद्रात तारली निम्मी झाली तरी उरलेली निम्मी पुन्हा थवाच करते, तेवढाच दाट. बोटीला थवा शोधायला थोडा जास्त वेळ लागतो, पण सापडला की जाळं पूर्वीइतकंच भरतं. धक्क्यावरचे आकडे सांगत राहतात की सगळं ठीक आहे. मग एखाद्या वर्षी एल निनोने पाणी तापतं, खाद्य आटतं, आणि आकडा एकदम कोसळतो. केरळात 2012 साली जवळपास चार लाख टन तारली उतरली होती. केंद्रीय समुद्री मात्स्यिकी संशोधन संस्थेच्या नोंदीप्रमाणे 2021 साली ती 3,297 टनांवर आली. पुढे ती परतू लागली हे खरं, पण मधल्या काळात केरळच्या रोजच्या ताटातला स्वस्त मासा महाग झाला आणि कित्येक बोटी किनाऱ्याला बसून राहिल्या.

नॉर्वेच्या उत्तरेला बॅरेंट्स समुद्रात 1980 च्या दशकात याहून वाईट घडलं. तिथला कॅपेलिन हा जेमतेम वितभर लांबीचा मासा. 1986-87 मध्ये त्याचा साठा ढासळला. त्यावर जगणारे कॉड मासे रोडावले, भुकेली सील मासळी शोधत नॉर्वेच्या किनाऱ्यावर धडकली आणि हजारोंच्या संख्येने कोळ्यांच्या जाळ्यांत अडकून मेली, बेअर आयलंड बेटावरच्या गिलेमॉट पक्ष्यांची संख्या एका वर्षात कोसळली. या अनुभवातून तिथे नियम आला तो असा: कॅपेलिनचा कोटा ठरवण्याआधी कॉड किती कॅपेलिन खाणार याचा अंदाज वजा करायचा, आणि त्यानंतरही दोन लाख टन कॅपेलिन अंडी घालायला उरेल याची 95 टक्के खात्री असेल तरच बोटींना परवानगी द्यायची. खात्री नसेल त्या वर्षी कोटा शून्य. अशी शून्याची वर्षं तिथे अनेकदा आली आहेत. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सार्डिनसाठीही अशीच एक तळरेघ आहे. समुद्रातला साठा दीड लाख टनांखाली गेला की मुख्य मासेमारी आपोआप बंद. 2015 मध्ये ती बंद झाली. मंत्र्याच्या मर्जीवर, संघटनेच्या मोर्चावर ते अवलंबून नाही.

सगळ्यात जुना आणि सगळ्यात स्पष्ट नियम मात्र क्रिलचा. क्रिल हा दक्षिण महासागरातला बोटभर लांबीचा जीव. जवळ्याशी रक्ताचं नातं दूरचं, पण दोघांचं काम एकच. पेंग्विन, सील, देवमासे सगळे त्याच्यावर पोसतात. 1970 च्या दशकात सोव्हिएत आणि जपानी जहाजं क्रिल उपसू लागली तेव्हा कॅनबेरात 1980 मध्ये एक आंतरराष्ट्रीय करार झाला आणि 1982 मध्ये लागू झाला. एरवीच्या मासेमारीत मूळ साठ्याचा निम्मा भाग समुद्रात उरला तरी चालतं असं धरत. क्रिलसाठी ठरलं ते 75 टक्क्यांचं, कारण पेंग्विन आणि देवमाशांचा वाटा त्यात धरायचा होता. खाणाऱ्याचा वाटा आधी बाजूला काढून मग माणसाने जाळं टाकावं, ही कल्पना कायद्यात इतक्या उघडपणे पहिल्यांदाच आली.

भारत 1980 च्या दशकापासूनच या कराराचा सदस्य आहे. म्हणजे पेंग्विनच्या वाट्याचा क्रिल समुद्रात ठेवायला आपण चाळीसएक वर्षांपूर्वीच होकार दिला. बोंबलाच्या वाट्याचा जवळा ठेवायचा विषय अजून फायलीवर यायचा आहे.

मात्र क्रिलचा नियम उचलून वेसाव्यात आणणंही खुळेपणाचं ठरेल. क्रिल पाच-सहा वर्षं जगतो, जवळ्याचं आयुष्य महिन्यांत मोजण्याजोगं. क्रिल धरतात ती मोजकी महाकाय जहाजं. जवळा धरतात शेकडो डोलकर कुटुंबं. शिवाय तो इथे थेट माणसाच्या ताटात जातो. उन्हात वाळवलेलं सुकट ही गरिबाच्या घरची पावसाळ्याची बेगमी आहे, आणि ते वाळवायचं, निवडायचं, डोक्यावरून नेऊन विकायचं काम बायकांचं. वेसाव्यात बोंबील वाळवायच्या वलांडी उभ्या असतात त्याच्याच आसपास सुकटाची खळी पसरलेली दिसतात. उद्या जवळ्यावर सरसकट बंदी आली तर पहिला घाव या बायकांवर पडेल, आणि ज्याच्या ट्रॉलरने खरा उपसा केला तो मजेत राहील. मासेमारीच्या कायद्यांचा आपल्याकडचा इतिहास पाहता हे घडण्याची शक्यता चांगलीच आहे.

म्हणून मला पहिला बांध हवा तो फिशमीलच्या बाजूने. खाण्याजोगी नसलेली किंवा फार बारीक मासळी वाळवून, दळून तिची पूड करतात. ती कोंबड्यांना आणि मुख्यतः तळ्यांतल्या कोळंबीला खाऊ घालतात. एक किलो पुडीला चार-पाच किलो ओली मासळी लागते. कर्नाटकच्या किनाऱ्यावर या कारखान्यांची मोठी फळी आहे आणि मागणी वाढली की ट्रॉलरला बारीक मासळीही फायद्याची वाटू लागते. पूर्वी जी पिल्लं परत समुद्रात फेकली जात, त्यांना आता भाव आहे, आणि हा भावच आसांच्या नियमाला खाऊन टाकतो. जवळा, मांदेली, तारली माणसाच्या खाण्यासाठी उतरली तर उतरावी. पुडीसाठी लक्ष्य करून ती धरायला मनाई असावी, इतकं तर आज आहे त्या अधिकारातही करता येईल. अमेरिकेने 2016 मध्ये प्रशांत किनाऱ्यावर असाच एक नियम केला: ज्या लहान जातींची आज मासेमारी होत नाही, त्यांची नवी मासेमारी पुरेसा अभ्यास झाल्याशिवाय सुरू करायची नाही. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. अरबी समुद्राच्या खोल पाण्यात लँटर्नफिशचे प्रचंड साठे आहेत आणि पुडीसाठी ते उपसण्याची चर्चा अधूनमधून होत असते. त्या बोटी निघण्याआधी असा नियम करायला हरकत कुणाची येणार? नंतर हजार हरकती येतील. नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्राने 12 मैलांपलीकडच्या मासेमारीसाठी नवे नियम लागू केले. एलईडी आणि जोडबोटींच्या ट्रॉलिंगवरची बंदी त्यात पक्की झाली. लँटर्नफिशचा विषय याच नियमांच्या कक्षेत बसतो.

दुसरी गोष्ट खाड्यांची. मालाडची खाडी, गोराई-मनोरीची खाडी आणि पूर्वेला घाटकोपर, भांडुप, मुलुंडला लागून असलेली ठाण्याची खाडी, या लहान जीवांच्या न्हाणीघरापासून पाळण्यापर्यंत सगळं इथे आहे. कोळंबीची, बोयांची पिल्लं कांदळवनाच्या मुळांमध्ये वाढतात. पण मत्स्यव्यवसाय खात्याचा कायदा होडी आणि जाळ्यापाशी संपतो. कांदळवन वनखात्याकडे, सांडपाणी महापालिकेकडे, भराव आणखी कुणाकडे. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2018 मध्ये राज्यभरातल्या कांदळवनांच्या तोडीला मनाई केली, ठाणे खाडीला 2022 मध्ये रामसर स्थळाचा दर्जाही मिळाला, तो प्रामुख्याने रोहित आणि इतर पाणपक्ष्यांच्या जोरावर. पूर्व उपनगरांतल्या कोळ्यांची खाडीतली मासळी आटल्याची तक्रार याहून जुनी आहे. तिच्यासाठी कुठलाही दर्जा जाहीर झालेला नाही. घाण सांडपाण्याची असो की भरावाची, ती ज्या खाडीत साचते तिथे डोलीच्या आसांवर वाद घालण्यात फारसा अर्थ उरत नाही.

राहता राहिली तळरेघ. जवळ्याचा अमुक इतका साठा उरलाच पाहिजे, असा आकडा कायद्यात लिहायचा तर समुद्रात तो किती आहे हे आधी मोजायला हवं. सध्या मोजला जातो तो धक्क्यावर उतरलेला जवळा, आणि थव्याच्या बाबतीत तो आकडा कसा फसवतो हे वर आलंच आहे. प्रतिध्वनीच्या यंत्राने थव्यांचा अंदाज घेणं, ठरावीक जागी ठरावीक दिवशी बारीक जाळ्याने नमुने काढणं, धरलेल्या बोंबलांची आणि ढोम्यांची पोटं उघडून त्यात जवळा किती निघतो याची वर्षानुवर्षं नोंद ठेवणं, अशी ही कामं आहेत. यातली शेवटची तर वेसाव्याच्या धक्क्यावर उभं राहूनही होते. 1961 साली स्थापन झालेली केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था तिथून हाकेच्या अंतरावर आहे, समुद्री मात्स्यिकी संशोधन संस्थेचं मुंबईचं केंद्रही अंधेरीतच आहे, आणि भारतीय मात्स्यिकी सर्वेक्षणाचं मुख्यालय याच शहरात. डोलकरांना विचारलं तर कुठल्या उधाणाला कुठल्या खुंटावर जवळा लागतो आणि कुठल्या वर्षापासून लागेनासा झाला, याची नोंद त्यांच्याकडे तोंडपाठ असते. सोमवंशी समितीसारखीच एक समिती जवळा, मांदेली आणि तारलीसाठी नेमून त्यात या तिन्ही संस्थांबरोबर डोलकर आणि सुकट विकणाऱ्या बायकांनाही बसवलं, तर दोन-तीन हंगामांत पहिला कच्चा आकडा हाती येऊ शकेल.